“माझ्या वाटचं नातवाला ठेवा” म्हणणाऱ्या आत्याबाई

हे पत्र माण तालुक्यातून आलंय. वहीची चार पानं, त्याचे फोटो काढून पाठवलेत. थोडं कमी करून देते, पण शब्द तिचेच आहेत.

“काकू, नमस्कार. आम्ही म्हसवडजवळ राहतो. घरात आमच्या आत्याबाई म्हणजे माझी सासू, आम्ही दोघं आणि सहा वर्षांचा मुलगा. दीड एकर कोरडवाहू आहे, चार शेळ्या आहेत, मिस्टर टेम्पोवर जातात. मुलाच्या हृदयाला भोक आहे. शाळेत तपासणीची गाडी आली होती तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणाले घाबरू नका, औषध चालू ठेवू, पुढच्या वर्षी ऑपरेशन करू. ते टेन्शन असतानाच आत्याबाईंच्या छातीत भरून यायला लागलं, बांधावरचा चढ चढला की मटकन बसायच्या. अँजिओग्राफी केली तर एक नस नव्वद टक्के बंद. महिन्याच्या आत स्टेंट टाका म्हणाले. एका हॉस्पिटलला गेलो तर काउंटरवरचा म्हणतो सरकारी आरोग्य योजनेचा कोटा संपलाय, पुढच्या महिन्यात या, चांगला स्टेंट पाहिजे असेल तर चाळीस हजार वरचे लागतील, आणि सगळं रोख भरत असाल तर उद्या करू. तिथंच कुणीतरी सांगितलं की योजनेचे पाच लाख सगळ्या घराला मिळून असतात. ते आत्याबाईंनी ऐकलं आणि तेव्हापासून अडून बसल्यात. म्हणतात, बहात्तरच्या दुष्काळात थोरलीला कडेवर घेऊन खडी फोडली तेव्हा मेले नाही, आता काय मरते, माझ्या वाटचं पोराला ठेवा. फारच मागं लागलो तर म्हणतात सिद्धनाथाचा रथ होऊ दे, मग बघू. आयुष्मानचं कार्ड आमच्या घराचं आहे. म्हाताऱ्या माणसांचं वेगळं कार्ड निघतं ते सत्तरच्या पुढं, आधारवर त्यांचं वय चौसष्ट आहे म्हणून सेंटरवाला नाही म्हणाला. मिस्टर म्हणतात शेळ्या विकू आणि एक एकर गहाण टाकू. काकू, खरं सांगू का, त्या नको म्हणाल्या तेव्हा माझ्या मनात आलं की बरं झालं, बाळाचं तरी नीट होईल. त्या रात्री मला झोप आली नाही. मी वाईट आहे का?”

पोरी, तुला तू म्हणते, माझ्या धाकट्या लेकीपेक्षा लहान असशील.

आधी तब्येतीचं, मग बाकीचं. नव्वद टक्के नस बंद आणि चढ चढताना छातीत भरतंय, हे रथ होईपर्यंत थांबणारं दुखणं नाही. रथ दरवर्षी निघतो, पुढच्या मार्गशीर्षातही निघेल आणि तेव्हा गुलाल-खोबरं उधळायला आत्याबाई पाहिजेत. डॉक्टरांनी महिना सांगितला म्हणजे महिनाच. आणि मधल्या दिवसांत बसल्या जागी छातीत दुखायला लागलं, दरदरून घाम सुटला, जबडा किंवा डावा हात भरून आला, तर योजना कुठली, कार्ड कुठंय, भावजींना विचारू का, काही नाही, सरळ १०८ ला फोन. अशा अर्जंट केसमध्ये पेशंट आधी ॲडमिट होतो, हॉस्पिटल योजनेला फोनवरून कळवतं आणि कागद मागनं दिले तरी चालतात. हे नवऱ्यालाही सांगून ठेव, टेम्पो घेऊन बाहेर असला तरी त्याला माहिती पाहिजे.

आणखी एक, आज रात्रीच कर. त्यांच्या गोळ्यांचं पाकीट घे आणि मोज. मी २३ वर्षं नर्सबाई म्हणून उपकेंद्रात काढली, खटाव तालुक्यात आणि नंतर जतच्या बाजूला, आणि ज्या बाया ‘माझं काही नको’ म्हणतात त्या गोळ्याही वाचवतात. अर्धी मोडून खातात. एक दिवसाआड खातात. पाकीट संपलं की नवीन आणायला पैसे लागतील म्हणून. दहा दिवसांत दहा गोळ्या संपलेल्या दिसल्या तर ठीक, सहाच संपल्या असतील तर भांडू नको, उद्यापासून जेवणाच्या ताटातच गोळी ठेव आणि समोर बस.

आता तू शेवटी लिहिलेलं. फोटोत दिसतं, ती ओळ तू दोनदा खोडलीस आणि तिसऱ्यांदा लिहिलीस. तू वाईट नाहीस. तुझ्यासमोर कुणीतरी आकडा ठेवला, पाच लाख, आणि सांगितलं की यात तुझी सासू पण बसव आणि तुझं पोर पण बसव. कुठलीही आई त्या आकड्याकडं बघून आधी पोराचाच हिशोब करेल, तुझ्या जागी आत्याबाई असत्या तर त्यांनी पण तोच केला असता, किंबहुना त्या तोच करतायत. मनात आलं म्हणजे केलं असं नसतं. तू तर झोप मोडून चार पानं लिहिलीस. मला राग तुझा नाही येत, राग येतो तो हा हिशोब तुझ्या चुलीपाशी आणून टाकणाऱ्यांचा, कारण दोन माणसांतनं एक निवडायची वेळ तुमच्यावर आलेलीच नाहीये. अर्धवट माहितीवर तुम्ही तिघं आतल्या आत झुरताय. आता एकेक गोष्ट बघू.

पाच लाख सगळ्या घराला मिळून असतात हे खरं आहे. पण ते दर वर्षाला असतात. २०१२ ला आठ जिल्ह्यांत राज्याची ही योजना सुरू झाली, २०१३ च्या नोव्हेंबरात आपल्याकडं आली, तेव्हा रक्कम दीड लाख होती, पुढं तिचं नाव महात्मा फुले जन आरोग्य योजना झालं, आणि १ जुलै २०२४ पासून केंद्राच्या आयुष्मानसारखेच पाच लाख झाले. वर्ष बदललं की रक्कम पुन्हा पहिल्यापासून. तुझ्या पोराचं ऑपरेशन डॉक्टर पुढच्या वर्षी म्हणतायत, सासूचं या महिन्यात. म्हणजे आत्याबाई ज्या पैशासाठी अडून बसल्यात ते पैसे बहुतेक पोराच्या कामी येणारच नाहीत, वर्ष संपलं की तसेच जातील. भाकरी उरली तर सकाळी खाता येते, हे तसं नाही. योजनेचं वर्ष कधी संपतं ती तारीख आरोग्यमित्राकडनं, म्हणजे हॉस्पिटलात बसणाऱ्या योजनेच्या माणसाकडनं, लिहून घे, म्हणजे त्यांना दाखवता येईल.

समजा दोन्ही एकाच वर्षात आलं तरी योजनेत कापली जाते ती पॅकेजची रक्कम, खासगीत रोख भरणाऱ्याला लावतात ते बिल नव्हे, आणि हे दर खासगी बिलापेक्षा पुष्कळ कमी ठरवलेले असतात. एका स्टेंटची अँजिओप्लास्टी आणि लहान पोराच्या हृदयाचं भोक बुजवायचं ऑपरेशन मिळून पाच लाखांच्या आत बसायला अडचण येऊ नये. तरी माझ्यावर विश्वास ठेवून गप्प बसू नको, दोन्हीचा पॅकेजचा आकडा आणि तुमच्या कार्डावर यंदा किती रक्कम शिल्लक आहे ते विचार. शिल्लक कॉम्प्युटरवर दिसते.

आणि पोराचं तर वेगळंच आहे. शाळेत आलेली ती गाडी म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची. २०१३ पासून हा कार्यक्रम आहे, अंगणवाडीत वर्षातनं दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी, आणि १८ वर्षांपर्यंतच्या पोरांत जन्मजात काही निघालं तर पुढचे उपचार, हृदयाच्या ऑपरेशनसकट, मोफत करून देणं हे त्यांचंच काम आहे. ते डॉक्टर फक्त चिठ्ठी देऊन गेले म्हणून तुम्ही एकटेच पळताय असं दिसतंय. साताऱ्याला सिव्हिलमध्ये लहान मुलांचं डीईआयसी म्हणून केंद्र असतं, तिथं शाळेतली चिठ्ठी आणि टूडी इकोचा रिपोर्ट घेऊन जा आणि नाव नोंदवा. ऑपरेशन कुठून करून देतात, कुठल्या पैशातनं करतात, ते ठरवायची जबाबदारी त्यांची. आजीनं उपाशी राहून नातवाचं ऑपरेशन करायचं असं कुठल्याच कागदावर लिहिलेलं नाही.

आता वयाचं. तुझं पत्र वाचताना मी तिथंच थांबले आणि परत मागं गेले. आधारवर चौसष्ट, म्हणजे जन्म १९६१ च्या आसपास लावलाय, तारीख १ जून असणार, आपल्याकडं ज्याची जन्मतारीख माहीत नाही तो १ जूनचा. मग बहात्तरच्या दुष्काळात आत्याबाई अकरा वर्षांच्या होत्या. आणि अकरा वर्षांच्या पोरीच्या कडेवर थोरली लेक होती? नाही बाई. तेव्हा त्या कमीत कमी सतरा-अठराच्या असणार, म्हणजे आज सत्तरच्या पुढं. कॅम्पमध्ये आधार काढताना अंदाजानं कुणीतरी साल टाकलं आणि त्या एका सालापायी तुमचं नुकसान चाललंय.

कारण सत्तरच्या वरच्या माणसांसाठी २९ ऑक्टोबर २०२४ ला आयुष्मान वय वंदना कार्ड सुरू झालं. उत्पन्नाची अट नाही. आणि जे घर आधीपासून आयुष्मानमध्ये आहे, तुमच्यासारखं, त्या घरातल्या सत्तरीच्या माणसाला वर्षाला पाच लाख आणखी मिळतात, फक्त त्यांचे, ते सत्तरच्या खालच्या कुणाबरोबर वाटून घ्यायला लागत नाहीत. म्हणजे आत्याबाईंच्या वाटचं नातवाला लागतच नाही, आणि नातवाच्या वाटचं त्यांना.

मी वय वाढवून लावायला सांगत नाहीये, तसलं काही करू नका, खरं वय कागदावर आणा एवढंच. त्यांचं माहेर आटपाडी तालुक्यातलं आहे असं तू एका ठिकाणी लिहिलंयस. तिथं दोन जागा बघायच्या. त्या दोन-तीन यत्ता शिकल्या असतील तर गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरात नाव आणि जन्मतारीख सापडते, हेडमास्तर दाखला देतात. नसतील शिकल्या तर आटपाडीच्या तहसील कार्यालयात रेकॉर्ड रूमला कोतवाल बुकाची नक्कल मागायची, म्हणजे गाव नमुना चौदा, जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी. कुणबी दाखल्यांच्या वेळी सगळ्यांनी ती बुकं उघडून घेतली आहेत, तिथल्या लोकांना आता सांगावं लागत नाही. त्यात बहुतेक वेळा बाळाचं नाव नसतं, वडलांचं नाव आणि मुलगी एवढंच असतं, म्हणून भावंडांची सालं पण बघा, कितवी मुलगी ते जुळवायला लागतं. आधार केंद्रात आधी विचारून घ्या यातला कुठला कागद चालतो, कारण जन्मतारीख दुरुस्तीला ते सहजासहजी परत परत संधी देत नाहीत. पण हे काम महिना-दोन महिने खाईल. त्याच्यासाठी स्टेंट थांबवायचा नाही. स्टेंट आत्ता आहे त्या कार्डावर, आणि हे वय वंदना कार्ड पुढच्यासाठी, कारण सत्तरीच्या माणसाला हे शेवटचं दुखणं नसतं.

आता तो काउंटरवरचा. योजनेत महिन्याचा कोटा असला काही प्रकार नाही. बेड भरलेले असू शकतात, कार्डिओलॉजिस्ट रजेवर असू शकतो, त्या हॉस्पिटलला हृदयाच्या उपचारांची मान्यताच नसेल असंही होतं, पण मग रोख भरल्यावर उद्या बेड कुठून येतो? आणि वरचे चाळीस हजार. योजनेतला पेशंट म्हणजे कॅशलेस, त्यात तपासण्या आल्या, औषधं आली, स्टेंट आला, जेवण आलं, घरी परत जायचं गाडीभाडं आलं, डिस्चार्जनंतर दहा दिवसांची फेरतपासणी आणि औषधं आली. पेशंटकडनं वर पैसे घेता येत नाहीत. स्टेंटच्या किमतीवर तर २०१७ च्या फेब्रुवारीपासून सरकारनं मर्यादाच घातली, औषध लावलेला स्टेंट तेव्हा २९,६०० ला ठरला, नंतर दरवर्षी किंमत थोडी बदलते. तेव्हा नुसत्या ‘चांगल्या’ स्टेंटसाठी म्हणून चाळीस हजार वर मागणं हे मला पटत नाही.

त्या माणसाची पण एक बाजू आहे, ती सांगते. हॉस्पिटलवाले म्हणतात योजनेचे दर कमी, पैसे सरकारकडनं उशिरा येतात, म्हणून योजनेचे पेशंट ते मोजून घेतात. मी इतकी वर्षं बघितलंय, यात तथ्य आहे. पण ते भांडण त्यांनी सरकारशी करायचं, तुझ्याशी नाही. ते सरकारला बोलू शकत नाहीत म्हणून म्हसवडहून एसटीनं आलेल्या बाईला पुढच्या महिन्यात या म्हणतात, आणि ती बाई खाली मान घालून घरी जाते.

म्हणून आता जाशील तेव्हा काउंटरवर उभी राहू नको. आरोग्यमित्राचं टेबल असतं, योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलात, ते शोध. रेशनकार्ड, आयुष्मान कार्ड, आधार, अँजिओग्राफीची सीडी आणि रिपोर्ट, सगळ्याच्या दोन दोन झेरॉक्स. त्याला म्हणायचं, नोंदणी करा आणि मंजुरीला पाठवा. मंजुरी ऑनलाइन मागवायची असते. नाही म्हणाला तर आवाज चढवू नको, फक्त म्हण, कारण लिहून द्या. कागदावर ‘कोटा संपला’ असं कुणी लिहून देत नाही, तिथंच निम्म्या वेळा काम होतं. नाहीच झालं तर तिथंच उभी राहून १५५३८८ ला फोन लाव, हा योजनेचा नंबर आहे, आयुष्मानचा १४५५५, तक्रार नोंदवली की नंबर देतात तो लिहून घे. जिल्ह्याला योजनेचे समन्वयक असतात, त्यांना भेट. वेळ जातोय असं वाटलं तर दुसरं हॉस्पिटल बघ, सातारा, कराड, मिरज, योजनेतली हॉस्पिटलं एकच नाही. हेल्पलाइनलाच विचार की हृदयाची मान्यता कुणाकुणाला आहे.

शेळ्या विकू नका. जमीन तर अजिबात गहाण टाकू नका, निदान एवढं सगळं करून झाल्याशिवाय. आणि ट्रस्टची मोठी हॉस्पिटलं असतात, त्यांना कायद्यानं १० टक्के बेड निर्धन पेशंटला मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकाला निम्म्या खर्चात द्यायला लागतात, २००६ पासून हायकोर्टाच्या आदेशानं चालू आहे. वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत असेल तर मोफतमध्ये, ३ लाख ६० हजारांच्या आत असेल तर सवलतीत. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला काढून ठेव, तो सगळीकडे लागतो. ही तुझी दुसरी वाट, पहिली बंद झाली तरच.

एवढं सांगून मला थांबता येईना, कारण तुझ्या पत्रातला खरा प्रश्न स्टेंटचा नाही.

बहात्तरला मी लहान होते, पण मिलो आठवतो. लाल ज्वारी, रेशनवर मिळायची, भाकरी थापताना तुटायची आणि गळ्याखाली उतरायची नाही. दुष्काळी कामावर सुकडी मिळायची ती आई पदरात बांधून आणायची आणि आम्हाला वाटायची. तिनं खाल्ली का हे आम्ही कधी विचारलं नाही. त्या पिढीच्या बायकांनी स्वतःच्या ताटातलं काढून घर जगवलं आणि ती सवय हाडात गेली. आता दवाखाना पण रेशनकार्डावर मिळतो म्हटल्यावर आत्याबाईंनी तेच ओळखीचं काम चालू केलंय, माप कमी आहे, आपलं कमी करू. यात त्यांचं प्रेम आहे, मी नाही म्हणत नाही. पण त्या वेळी धान्यच नव्हतं. आत्ता स्टेंट आहे, डॉक्टर आहे, कायदा आहे, पैसा ठरवून दिलेला आहे.

माझ्या आईनं हेच केलं. मी स्वतः नर्स, दर आठवड्याला लोकांच्या घरी जाऊन पाळी गेल्यावर रक्त जात असेल तर दाखवा म्हणून सांगणारी, आणि माझी आई आठ महिने अंगावरचं लपवत होती. धाकट्या भावाचं डीएड चालू होतं. आई गेल्यावर तिच्या पत्र्याच्या पेटीत, लुगड्याच्या घडीत एका सरकारी दवाखान्याचा केसपेपर सापडला. कुणाला न सांगता ती एकटी जाऊन आली होती. मागच्या बाजूला तपासणीची तारीख लिहून दिली होती, सहा आठवड्यांनंतरची, तेवढी लाइन होती. शेजारी एसटीचं जातानाचं आणि येतानाचं तिकीट, घडी घालून. त्या तारखेला ती गेलीच नाही. सहा आठवडे थांबायला सांगितलं म्हणजे आपलं दुखणं फार नसेल असं तिनं धरलं, की भावाच्या फीची तारीख त्याच आठवड्यात होती म्हणून, ते मला आता कधीच कळणार नाही. तिला परत कुणी बोलावलं नाही. यादीतनं एक नाव आपोआप कमी झालं.

उपचारांचं रेशनिंग आपल्याकडं असंच चालतं बघ. इंग्लंडमध्ये पण सरकारी उपचाराला मर्यादा आहे, तिथं १९९९ पासून एक संस्था आहे जी औषधाची किंमत आणि फायदा मोजून सांगते की हे सरकार देईल, हे देणार नाही, आणि का ते छापते. त्यावर लोक भांडतात, कोर्टात जातात. निदान नाही म्हणणारा समोर असतो. आपल्याकडं नाही कुणी म्हणत नाही. पुढच्या महिन्यात या म्हणतात, झेरॉक्स आणा म्हणतात, सर्व्हर डाऊन आहे म्हणतात, आणि ज्याच्याकडं एसटीचं भाडं संपतं तो घरी बसतो. ज्यानं सोडून दिलं त्याची नोंद कुठंच होत नाही.

पैसा कमी आहे हे मला मान्य आहे. पण तो कमी ठेवलाय. २०१७ च्या आरोग्य धोरणात लिहिलं होतं की २०२५ पर्यंत देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्के सरकार आरोग्यावर खर्च करेल, २०२१-२२ च्या सरकारी हिशोबात तो आकडा १.८४ होता, आणि आरोग्यावर होणाऱ्या शंभर रुपयांतले ३९ रुपये लोक अजून स्वतःच्या खिशातनं भरतात. १९४६ ला, स्वातंत्र्याच्या आधी, भोर समितीनं सांगितलं होतं की पैसे नाहीत म्हणून कुणाचा उपचार राहायला नको. आणि बंगालचा एक शेतमजूर होता, हकीम शेख, १९९२ ला रेल्वेतनं पडला, डोक्याला मार, एकामागून एक सरकारी दवाखान्यांनी बेड नाही म्हणून परत पाठवलं, शेवटी खासगीत पैसे भरून उपचार घेतले. ती केस सुप्रीम कोर्टात गेली आणि १९९६ ला कोर्टानं सांगितलं की वेळेवर उपचार न देणं हे जगण्याच्या हक्काचं उल्लंघन आहे, पैसे नाहीत हे कारण सरकारला देता येणार नाही. भरपाई पंचवीस हजार मिळाली. हे तुला कोर्टात जायला सांगत नाहीये. आरोग्यमित्राच्या टेबलापुढं उभी राहशील तेव्हा आपण भीक मागत नाही हे आतनं माहीत असावं म्हणून सांगतेय. तशी उभी राहिलेली बाई ओळखू येते, टेबलापलीकडच्याला पण.

आता आत्याबाईंना कसं सांगायचं. तू सांगू नको. तुझं त्या ऐकणार नाहीत, तू सांगितलंस की त्यांना वाटणार सून मोठं मन दाखवतेय, आणि मग त्या आणखी मोठं मन दाखवतील. तुझ्या नवऱ्यानं पण सांगायला नको, तो शेळ्यांचं बोलला की त्या बिथरतील. थोरल्या नणंदेला बोलव. बहात्तरला जी कडेवर होती ती. आता तिचीही पन्नाशी उलटली असेल. तिला हे सगळं वाचून दाखव, आणि तिनं आईसमोर बसून एवढंच विचारायचं, की तेव्हा खडीवर मुकादम म्हणाला असता एकीचीच हजेरी लावतो, तर तू ऐकून घेतलं असतंस का? भांडली असतीस ना. त्या भांडलेल्याच असतील, खडी फोडणारी बाई गप्प बसत नाही.

आणि नातवाला मध्ये आणू नका. ‘आजी तू गेलीस तर मी काय करू’ असलं त्याच्या तोंडून वदवू नका. सहा वर्षांचं पोर आहे, त्याच्या स्वतःच्या छातीत काहीतरी आहे हे त्याला कळतंय. आजीनं माझ्यासाठी औषध घेतलं नाही, हे ओझं त्याला आयुष्यभर पुरेल. आत्याबाईंना मात्र नणंदेनं हे एकदा स्पष्ट सांगावं, त्याच्या वाटचं म्हणून तू जे मागं ठेवतेयस ते हे ओझं असणार आहे.

सोमवारी निघा. मंगळवारवर ढकललं की बाजार येतो, मग शेळ्यांचं काहीतरी येतं. पहाटेची एसटी धरा, पिशवीत त्यांच्या चालू गोळ्या, रिपोर्ट, दोन जोड कपडे, कारण लगेच ॲडमिट करून घेतलं तर परत यायला नको. चढाच्या रस्त्यानं स्टँडवर चालत नेऊ नका, टेम्पोतनं सोडा. आटपाडीचं काम नणंदेच्या घरच्यांवर सोपव, त्या आठवड्यात तू दोन्हीकडं पळू शकणार नाहीस.

आरोग्यमित्रानं मंजुरीला पाठवलं की नाही, आणि पाकिटात गोळ्या किती निघाल्या, एवढं मला कळव. दोन ओळींत लिहिलंस तरी चालेल.